मुलगी शांत स्वभावाची आहे

नायगावच्या बसस्थानकासमोर अकरमचाचांचे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. पंचक्रोशीतील विवाहसंस्था या दुकानावर उभी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होईल. पण फार मोठी नव्हे. तीन धर्मांच्या उपवरांचे बायोडाटे येथूनच निघतात. माथ्यावर गणपती घालायचा, बुद्ध की ७८६, एवढाच काय तो भेद. खालचा मजकूर पूर्णतः सर्वधर्मसमभावी. "उंची वाढवायची न्हाई, वजन लिहायचं न्हाई, अन् मोडलेली सोयरीक आठवायचीच न्हाई," हा चाचांचा व्यवसायधर्म. जमलेल्या लग्नांच्या पत्रिका ते काउंटरच्या काचेखाली पदकांसारख्या मांडून ठेवतात.

लुंबिनी मात्र त्यांच्याकडे आली ती नाटकाचा बायोडाटा करून घ्यायला. लातूरच्या एका महाविद्यालयात नाट्यशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करायचा, तर सोबत केलेल्या भूमिकांचे एक पान जोडणे आवश्यक होते. चाचणीला कोणाला बोलवायचे, हे विभाग त्या पानावरून ठरवणार होता. वडिलांशी तिचा तह झाला होता: बोलावणे आले तर लातूर, न आल्यास उमरीच्या मावशीकडे राहून शिवणक्लास.

"कामं काय काय केलीस, बेटा?"

"गॅदरिंगला सावकार. एकांकिकेत फौजदार. पथनाट्यात दारुडा."

चाचांची बोटे थबकली. "एखादं बाईमाणसाचं?"

"एकदा म्हातारी केले. पण ती बी शिव्याच देती."

चाचांनी क्षणभर चिंतन केले आणि टाईप केले: 'विविध कौटुंबिक भूमिका.'

"चाचा, दारुडा लिहा ना! बक्षीस त्यालाच हाय."

"लिहिलं की चौकशी होती. माझा अनुभव हाय."

बरीच घासाघीस होऊन तिन्ही पुरुष जागेवर आले. मोबदल्यात लुंबिनीने 'मामाचे गाव: बिलोली' ही ओळ सहन केली. शेवटच्या ओळीकडे तिचे लक्षच गेले नाही. संपर्कासाठी चाचांनी स्वतःचा क्रमांक दिला होता. मुलीचा क्रमांक बायोडाट्यावर घालत नाहीत. चौकशी मध्यस्थाकडेच यावी, ही रीत.

ही रीत तिला कळली ती काही दिवसांनी. रहिवासी दाखल्याची झेरॉक्स काढायला ती दुकानात उभी असतानाच चाचांचा फोन वाजला. हात टोनरने काळे झालेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला.

"मी लातूरहून उज्वला बोलतेय, नाट्यशास्त्र विभागातून. चाचणीसाठी एकच नाव घ्यायचं राहिलंय, आणि अर्ज दोन आहेत. लुंबिनीबद्दल जरा विचारायचं होतं."

चौकशीचा फोन म्हणताच चाचांच्या स्वराला तूप सुटले. "विचारा की म्याडम! पोरगी लई गरीब. खाली मान घालून जाती, खाली मान घालून येती."

"चारचौघांसमोर उभी राहते का?"

"राहती. पण तोंड उघडणार न्हाई."

"आणि आवाज?"

"शेजारच्या घराला आजवर ऐकू गेला न्हाई. माझी गॅरंटी!"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. अलीकडे लुंबिनी दोन्ही हातांनी खुणा करत होती. चाचांना तो मुलीचा स्वाभाविक संकोच वाटला.

"मग ते दारुड्याचं काय लिहिलंय?"

"ते सुटलं आता," चाचा घाईने म्हणाले.

"अकरमचाचा!" लुंबिनीचा बांध फुटला. "माझं लगन लावून राहिले का तुम्ही? सावकार केले, फौजदार केले, दारुडा होऊन भर बाजारात लोळले, अन् तुम्ही मला मान खाली घालायला लावून राहिले! आवाज न्हाई म्हणे! अख्खं नायगाव ऐकलंय माझा आवाज!"

बिलोलीच्या गाडीत चढणारे प्रवासी पायरीवरच थांबले. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला.

"हा कोणाचा आवाज?" मॅडमनी विचारले.

व्यवसायधर्म अशा प्रसंगीच कसाला लागतो. "टीव्ही हाय म्याडम," चाचा म्हणाले. "बंद करतो."

"नका करू. सोमवारी सकाळी त्या टीव्हीलाच लातूरला पाठवून द्या."

आता काचेखालच्या पत्रिकांत लुंबिनीच्या पदवीप्रवेशाच्या पत्राची एक झेरॉक्स आहे. नवे गिऱ्हाईक वाकून पाहते आणि हे कोणाचे, असे विचारते. चाचा चष्मा पुसत सांगतात, "लातूरला दिलो. पोरगी बोलती हाय, हे आधीच सांगितलो होतो. आपण कधी काई लपवत न्हाई."