आईचं राज्य आणि माझं ‘सेव्ह कर, सेव्ह कर’

द्वारकेला रिक्षातून उतरताना आईचा पाय वाकडा पडला आणि घोट्याचं हाड मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. निवृत्तीनंतरही एक दिवस घरात न टिकलेली बाई पलंगावर अडकली आणि तिसऱ्याच दिवशी मला म्हणाली, “टीव्ही नको. डोकं लागेल असं काहीतरी दे.”

मी घरूनच काम करते. माझा जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. बॅटरी मेलेली, पण वायर लावली की चालायचा. त्यात मी कॉलेजात खेळायचे तो राज्य चालवायचा गेम होता. शेती लावायची, कोठारं भरायची, वेशी बांधायच्या, शेजारच्या राजांशी तह करायचा नाहीतर लढायचं. मला वाटलं, दोन दिवसांत कंटाळेल. आठवड्याभरात आईचं राज्य नदीपर्यंत पोचलं आणि माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

कारण ती सेव्ह करायची नाही. गेम जुना, आपणहून काही साठवून ठेवत नसे. आई लॅपटॉप बंदच करायची नाही, म्हणून राज्य टिकून होतं एवढंच. “सेव्ह केलंस का?” मी दिवसातून दहादा विचारायचे. “कशाला? माझं काही चुकलंय का?” हे तिचं उत्तर.

शनिवारी सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली. स्क्रीन काळी झाली.

“माझं सगळं गेलं?”

“सांगत होते ना!”

“नुसतं सांगितलंस. करून का नाही ठेवलंस?”

दुसरं राज्य उभं केलं तेव्हा ती सेव्ह करायला लागली, पण एकाच फाइलवर, पुनःपुन्हा. शत्रू वेस फोडून आत शिरला, त्यानंतर तिनं इमानदारीनं सेव्ह केलं आणि मला हाक मारली, “आता मागे ने.” मागे काय नेणार, कपाळ? मागचं तिनंच पुसलं होतं.

तिसऱ्या वेळी मी कामाचा कॉल सोडून तिच्याजवळ बसले. म्हटलं, “तीन फाइल ठेव. लढाईआधी एक वेगळी कर. तिच्यात हवं तितकं हर, शीक आणि मग खरी लढाई कर.”

आईनं चष्मा काढला. “म्हणजे हरलं की खोडायचं?”

“खोडायचं नाही गं. सराव.”

“तेच ते. इतकी वर्षं मी जन्म-मृत्यूची नोंदवही लिहिली. एकाही नोंदीत खाडाखोड नाही माझी.”

“आई, हा गेम आहे!”

“मग तू एवढी का ओरडतेस?”

मी आणखीच चिडले.

आणि करू नये ते केलं. दुपारी तिचा डोळा लागलेला असताना तिच्या फाइलची नक्कल केली आणि उत्तरेच्या राजाशी लढून पाहिलं. तीन चालींत धुव्वा. संध्याकाळी चहा देताना सहज बोलल्यासारखं म्हटलं, “उत्तरेकडे जाऊ नकोस. त्याचं घोडदळ जंगलातून मागून येतं.”

तिनं कप खाली ठेवला. “तुला कसं कळलं?”

मी सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. “ठेव तिथे.” “दिवा लाव.” बस.

तिसऱ्या दिवशी स्क्रीनवर दोन फाइल दिसल्या: एकीचं नाव ‘कच्चं’, दुसरीचं ‘पक्कं’.

“हे काय?”

“नोंद करायच्या आधी आम्ही पेन्सिलीनं कच्च्या कागदावर लिहायचो,” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “समोरच्याला वाचून दाखवायचो. मगच वहीत शाईनं. हे सरळ सांगता आलं नाही तुला?”

मला कुठून माहीत असणार पेन्सिलीचं!

त्यानंतर तिला कच्च्याचं वेडच लागलं. माझ्या मीटिंगच्या मध्येच आतून आनंदानं ओरडायची, “या वेळी तर माझी राजधानीच जाळली गं त्यांनी!” जेवायला बोलावलं की “थांब, सेव्ह करते.” प्लास्टर काढायला निघालो, रिक्षा खाली उभी, आणि ही कुबडी काखेत धरून सेव्ह करतेय.

प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पक्क्यात उत्तरेच्या राजाशी लढाई सुरू केली. जंगलाच्या तोंडाशी भालेकरी उभे केले. राजा जंगलातून आलाच नाही, नदी ओलांडून आला. पूर्वेचं कोठार गेलं, दोन गावं गेली.

“मागची फाइल उघड,” मी म्हटलं. “आहे ना?”

“आहे. पण ते कच्च्यात चालतं. इथे झालं ते झालं.”

“मग इतके दिवस जीव खाऊन सेव्ह कशाला करत होतीस?”

“वीज गेली तर?” मलाच अक्कल नसल्यासारखं ती म्हणाली आणि उरलेल्या गावांच्या वेशी बंद करायला लागली. “यंदा धान्य कमी पडणार. दूत पाठवून बघते.”

मला ते बघवेना. स्वयंपाकघरात जाऊन आमटी गरम करायला ठेवली, गरजेपेक्षा जास्त भांडी आपटली.

“अर्धा मुलूख मागतोय गं तो,” आतून आवाज आला. “देऊ का?”

मी गॅस बारीक केला आणि बघायला गेले.