स्क्रीन म्हणत होती, व्हॉल्व्ह बंद आहे

“लॉग खोटं बोलत नाही,” आमचे प्रोजेक्ट मॅनेजर रत्नपारखी तिसऱ्यांदा म्हणाले. हे वाक्य बोलणाऱ्या माणसानं आयुष्यात एकही लॉग लिहिलेला नसतो, हे मला तोवर कळून चुकलं होतं.

समोर जब्बारभाई उभे होते. चितेगावजवळच्या एका खासगी टँकर भरणा केंद्रावरचे जुने ऑपरेटर. केंद्राचे मालक त्यांना घेऊन वाळूजच्या आमच्या ऑफिसात आले होते. मालकांना खुर्ची मिळाली, जब्बारभाईंना द्यायचं कुणाला सुचलं नाही.

प्रकरण असं होतं. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष. धरणात मृतसाठा. शहराबाहेर उठलेल्या नव्या वसाहतींना नळच नव्हते, त्यांची सगळी भिस्त टँकरवर. अशा दिवसांत जब्बारभाईंच्या पॉइंटवर टँकर भरून वाहायला लागला आणि पाणी मातीत जात राहिलं. रांगेतले ड्रायव्हर त्यांच्या अंगावर धावून गेले. केंद्राचे व्हॉल्व्ह चालवणाऱ्या आमच्या सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतः ठेवतं त्या नोंदवहीत, व्हॉल्व्ह बंद झाल्याची नोंद होती. म्हणून सगळ्यांनी ठरवून टाकलं, की जब्बारभाईंनी बाजूचा, हातानं फिरवायचा जादा व्हॉल्व्ह उघडा टाकला आणि आता ते खोटं बोलतायत.

“मॅडम, बंदचं बटन मी लई डाव दाबलं,” ते मला म्हणाले. “स्क्रीन म्हनती बंद हाय, अन् समोर पानी धो धो वाहू राह्यलं. शेवटी पळत पंपहाऊसला जाऊन पंप बंद केला. खोटं बोलून मला काय भेटनार?”

“सगळे असंच म्हणतात,” रत्नपारखी म्हणाले. सोमवारी जब्बारभाईंना कामावरून काढल्याचं पत्र द्यायचं ठरलं.

मी लॉग पुन्हा पाहिला. टँकर जोडल्यावर एका मिनिटात व्हॉल्व्ह बंद, अशी नोंद. एका मिनिटात टँकर भरतो का, हा प्रश्न चार इंजिनिअर आणि एक मालक यांपैकी कुणालाही पडला नव्हता.

थोडं समजावून सांगते. केंद्राचा कंट्रोल प्रोग्रॅम फार जुना. तो ज्या कॉम्प्युटरवर चालायचा त्याचे पार्ट मिळेनासे झाले, म्हणून आम्ही नव्या कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरनंच एक जुना कॉम्प्युटर उभा केला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. सासूबाईंना फ्लॅटमध्ये गावच्या घरासारखी खोली लावून द्यावी, म्हणजे त्या कुरकुरत नाहीत, तसंच. आता पाण्याचा मीटर. ठरावीक पाणी गेलं की तो एक सिग्नल देतो. हा इंटरप्ट. दाराची बेल वाजली की हातातलं काम टाकून उठावं लागतं, तसा. बाहेरची बेल आतल्या मशीनपर्यंत पोहोचवणं हे आमच्या कोडचं काम. आतलं मशीन गुंतलेलं असेल तर बेल रांगेत थांबायची. रांगेत जागा चौसष्ट.

पूर्वी सोळाच होत्या. एकदा सिस्टिम अडकली, तेव्हा रत्नपारखींनी चौसष्ट करायला लावल्या आणि मेलमध्ये ‘पर्मनंट फिक्स’ असं लिहिलं. त्या काळात अख्ख्या शहराला हीच सवय लागली होती. नळाला पाणी येत नाही? मग गच्चीवर आणखी मोठी टाकी बसवा!

“टेस्टिंग झालंय,” रत्नपारखी म्हणाले. झालं होतं, एसीत, सिम्युलेटरवर. एकाही टेस्टरच्या चपलेला चितेगावची माती लागली नव्हती. माझ्याही नाही.

शनिवारी सकाळी मी जब्बारभाईंना घेऊन केंद्रावर गेले. एक टँकर आला. ड्रायव्हरनं पाईप जोडण्याआधी लाईनवरचा एक छोटा कॉक उघडला. फुस्स आवाज आला.

“हे काय करतोय तो?”

“हवा काढू राह्यला. पानी खाली गेलं की पंप हवा ओढतो. हवेवर मीटर येड्यावानी पळतं. हवा पानी म्हनून कोन मोजून घेईल? इथं समदेच आधी हवा काढतेत.”

“त्या दिवशी काढली होती?”

“नाय. डायवर नवा व्हता. त्याला काय ठावं.”

केंद्रावरच्या क्लीनरपर्यंत सगळ्यांना जे माहीत होतं, ते आमच्या अख्ख्या इंजिनिअरिंग टीमला माहीत नव्हतं.

मी तिथंच लॅपटॉप उघडला. मीटर हवेवर पळाला की बेलांचा पाऊस पडणार. चौसष्ट जागा भरल्या, पासष्टावी आली, तर? रांग भरलीय का, हे आमचा कोड बघतच नव्हता. तो पासष्टावी बेल शेजारच्या मेमरीत लिहून टाकायचा, तिथं आधी काय आहे ते न बघता. हा ओव्हरफ्लो. आणि शेजारी होती व्हॉल्व्हची नोंद. ती पुसली जाऊन तिथं शून्य यायचं. शून्य म्हणजे बंद. स्क्रीन आणि लॉग, दोन्ही तेच वाचायचे. पुढची हुशारी तर ऐकाच. व्हॉल्व्ह बंद दिसत असेल तर बटण दाबूनही बंद करण्याचा हुकूम जायचाच नाही. बंद असलेला पुन्हा कशाला बंद करायचा!

फाईलच्या वर कोड तपासणाऱ्याचं नाव होतं. माझं. मला जब्बारभाईंकडे बघवेना.

सोमवारी मी मालकांना आणि रत्नपारखींना केंद्रावर उभं केलं. रिकामा टँकर जोडला, हवा मुद्दाम काढली नाही. मीटर भिरभिरला. स्क्रीनवर ‘बंद’ आलं आणि टँकरमध्ये पाणी पडतच राहिलं. मालकांनी स्वतः बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दात-ओठ खाऊन दाबलं. शेवटी पंप थांबवला.

“जागा दोनशे छप्पन्न करून टाकू,” रत्नपारखी म्हणाले.

“पाच हजार करा,” मी म्हणाले. “त्याच्या पुढची बेल कुठं बसवायची? तुमच्या मांडीवर?”

दुरुस्ती अकरा ओळींची होती. प्रत्येक बेलला वेगळी जागा न देता नुसती मोजायची. मोजणीलाही मर्यादा घालायची. आणि बटण दाबलं की काहीही दिसत असो, बंदचा हुकूम पाठवायचा. कंपनीच्या रिपोर्टमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘अनपेक्षित फील्ड कंडिशन’. हवा अनपेक्षित. पृथ्वीवर.

“चला, झालं गेलं,” दुरुस्ती केंद्रावर बसवली त्या दिवशी मालक म्हणाले. “जब्बारभाई, या पुन्हा कामावर.”

जब्बारभाई जागचे हलले नाहीत. “येतो, साहेब. पन आधी कागदावर लिहून द्या, की त्या दिवशी मी बटन दाबलं व्हतं.”

मालकांनी रत्नपारखींकडे पाहिलं. रत्नपारखींना अचानक फोन आला. मग मीच लिहिलं, खाली माझी सही केली, ‘कोड तपासणारी’ अशा हुद्द्यासकट. जब्बारभाईंनी ते दोनदा वाचलं, घडी घालून वरच्या खिशात ठेवलं आणि पुढच्या टँकरची हवा काढायला गेले.

माणूस एक आणि मशीन दुसरंच सांगत असेल, तर आधी मशीन उघडून बघावं. रीस्टार्ट केलं की त्याला काही आठवत नाही. माणसाला आठवतं.