कड्यावरून दिसलेलं घर

"अहो, मागे सरका! खाली समुद्र आहे," सुधा ओरडत होती आणि मी आयर्लंडमधल्या डोनेगल काउंटीच्या एका कड्यावर, अगदी टोकाला उभा होतो. वारा असा, की मेंढ्या या गावात चरायला निघाव्यात आणि पुढच्या गावात उतराव्यात.

आज इथे मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीत, घरी कपाट आवरताना सुधाची त्या सहलीत घेतलेली लोकरीची शाल सापडली. शालीला अजून तिथल्या चुलीच्या धुराचा वास आहे. तिथे दलदलीतली माती खणून, वाळवून चुलीत जाळतात. मी कपाटापाशीच बसून राहिलो.

त्या दिवशी कड्याच्या उतारावर छप्पर नसलेली दगडी घरं होती.

"इथली माणसं कुठे गेली हो?"

"बटाटे कुजले, दुष्काळ पडला. जगली ती बोटीनं आपल्या मॅसॅच्युसेट्सला आली."

ती त्या घरांकडेच बघत राहिली. तिला हसवायला मी पश्चिमेकडे हात केला. "ते बघ आपलं घर. पोर्चचा दिवा तू चालूच ठेवलायस."

तेव्हा ही थाप मला फार आवडली होती. सुधा गेल्यापासून तो दिवा मीच लावतो.

तिनं शाल डोक्यावरून घेतली, डोळे बारीक करून समुद्रापार पाहिलं.

"दिसतंय की," ती म्हणाली. "पण आत कोणी नाहीये."