चौथ्या भागातला वॉचमन

मंडळी, सुपारी घेऊन माणसं मारणाऱ्या एका माणसावरच्या कादंबऱ्यांची मालिका मी सध्या वाचतोय. आज सकाळी भुसावळहून दोंडाईच्याला निघालो तेव्हा चौथा भाग हातात होता. गाडीत वेळ मस्त गेला.

जायचं होतं दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला. ऑफिसातल्या सहकाऱ्याचे वडील वारले. आमच्याकडे अशा वेळी घरासमोर सतरंजीवर येऊन बसतात, फार कोणी बोलत नाही. मीही "मागे कोण कोण आहे?" एवढं विचारलं आणि सतरंजीवर टेकलो.

पुस्तक पिशवीतून डोकावत होतं. शेजारी नाना बसले होते, वारलेल्यांचे थोरले भाऊ. त्यांनी कव्हरवरचं पिस्तूल पाहिलं. मी गोष्ट थोडक्यात सांगितली.

"कोनले मारं त्यानी?"

"बऱ्याच जणांना. आत्ताच बंगल्याच्या वॉचमनला मारलं."

"त्याना मांगे कोन कोन शे?"

मी ते पान काढून पाहिलं. वॉचमन दीड ओळीत संपला होता. नावसुद्धा नव्हतं. तसं नानांना सांगितलं.

"मंग त्याना दारवर कोनी गयं नही?" म्हणाले, आणि सरकून नव्याने आलेल्या माणसाला जागा करून दिली.

परतताना पुढे वाचलं. गोष्ट जबरदस्त आहे, खोटं कशाला बोलू? फक्त प्रत्येक खुनानंतर मी पानं मागे उलटून, गेलेल्याच्या घरी कोण आहे ते शोधत होतो. भुसावळ आलं तरी एक प्रकरण संपलं नाही.

पाचवा भाग घरी पडलाय. कोणी वाचला असेल तर एवढंच सांगा, त्या वॉचमनचं नाव पुढे कुठे येतं का?