मत तोंडावर सांगणारे डॉक्टर

सुधाच्या यजमानांइतका परक्या देशातल्या जुन्या निवडणुकीत जीव अडकलेला माणूस अख्ख्या ब्रिटनमध्ये दुसरा नसेल. राहायचे रीडिंगला, भूल द्यायचे तिथल्याच एका हॉस्पिटलात, मन मात्र व्हर्जिनियात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटायच्या आधी त्या राज्यातून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, कोण निवडून गेलं, कोण कसा पडला, हे ते मुंजीच्या पंगतीतसुद्धा सांगत. माझ्याकडे एकदा वडे गार झाले, पण यांचा उमेदवार घोड्यावरून उतरेना. एका पेशंटने भूल चढता चढता "सो हू वन?" विचारलं म्हणे, तो शुद्धीवर आला तेव्हा निकाल सांगायला हे उशाशी हजर.

सगळ्यात लाडकी तिथली मतदानाची रीत. मतदाराने सगळ्यांसमोर नाव मोठ्याने सांगायचं आणि समोर बसलेल्या उमेदवाराने उठून त्याचे आभार मानायचे. "चिठ्ठ्या कसल्या टाकता? माणसाने तोंडावर बोलावं!" ते आम्हाला हिणवत.

सुधा आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाला उभी राहिली. मुलांसाठी मराठीचे वर्ग काढायचे तिने फार मनावर घेतलं होतं. तिच्या यजमानांनी हट्टाने व्हर्जिनियाची रीत मंडळाच्या गळी उतरवली. ती मंजूर झाली आणि मग यांच्याच हॉस्पिटलातल्या बड्या सर्जननी सुधाविरुद्ध अर्ज भरला. यांना कन्सल्टंटची, म्हणजे वरच्या डॉक्टरची, जागा मिळणं त्यांच्याच शब्दावर होतं.

चर्चच्या हॉलमध्ये एकेक जण उठून नाव सांगत होता. मी सुधाचं सांगितलं. मग सुधाच्या यजमानांची पाळी आली. टायची गाठ चाचपत, खाली मान घालून यांनी सर्जनचं नाव घेतलं.

"डॉक्टर, मोठ्याने! मागे ऐकू येत नाही," कुणीतरी ओरडलं.

यांनी ते पुन्हा सांगितलं. सर्जनसाहेब रीतीप्रमाणे उठले. "थँक यू, डॉक्टर." मी छताकडे पाहत राहिले, सुधा पर्समध्ये उगाच काहीतरी शोधत होती.

सुधा पडली. डॉक्टरांना हॉस्पिटलातली जागा मिळाली. सुधाने वर्ग आपल्या दिवाणखान्यात काढले. डॉक्टर मुलांना सरबत द्यायचे, जेवण झालं की सगळ्यांच्या आधी उठून भांडी घासायचे. निवडणुकीचं अवाक्षर काढत नसत. एकदा सुधाच आम्हा सगळ्यांसमोर म्हणाली, "अहो, सांगा की ते तुमचं व्हर्जिनियाचं."

"नको गं. कुणाला ऐकायचंय?"

"मला."

ते हातातली ओली बशी पुसू लागले. "चहा टाकतो," म्हणाले आणि आत गेले. केटल उकळून बंद झाली, तरी ते बाहेर येईनात. शेवटी सुधा उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. त्या संध्याकाळी ती व्हर्जिनियाची निवडणूक मी अगदी पहिल्यापासून आनंदाने ऐकली असती.