बाईंच्या फलकावरचं करवंद

पुठ्ठ्याचं रिकामं खोकं दिसलं की आमच्या बाईंची चाल मंदावायची. किराणा दुकानाच्या दारात असो की बसथांब्यावर, त्या खोकं उलटंपालटं करून बघायच्या आणि मालकाला सरळ विचारायच्या, "हे तुम्हाला लागणार आहे?" द्राक्षांच्या हंगामात नाशकात खोक्यांना काय तोटा! तरी खोकं काखोटीला मारून बाई वर्गात यायच्या ते घबाड सापडल्यासारख्या. त्यांच्या माघारी आम्ही त्यांना पुठ्ठाबाई म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं.

नव्वदच्या दशकातली, सातपूरच्या कडेची शाळा. एका अंगाला कारखाने, दुसऱ्या अंगाला द्राक्षबागा. चौथीच्या वर्गात मागच्या भिंतीवरच्या फलकावर बाई जूनमध्ये पुठ्ठ्याचं झाड लावायच्या. प्रत्येकाने आपलं एक फळ कापून, त्यावर नाव घालून तिथे टांगायचं. अट एकच, ते फळ आपण खाल्लेलं असलं पाहिजे. एकाने ऐटीत सफरचंद काढलं तर बाई म्हणाल्या, "कधी आजारी होतास रे?" तेव्हा आमच्याकडे सफरचंद दवाखान्यातच न्यायचे, त्यामुळे तो मुकाट्याने पेरूवर आला. मी सीताफळ घेतलं आणि त्याचे डोळे काढता काढता रडकुंडीला आले.

सुरुवातीला सगळी फळं हिरवी. धडा न अडखळता वाचला, पाढा पाठ झाला, की तेवढाच तुकडा पिकल्या रंगाने रंगवायचा. निकालाच्या दिवशी बाई पिकलेलं फळ स्वतःच्या हाताने तोडून द्यायच्या. मध्येच कोणी हात लावला तर त्यांचा आवाज चढायचा. "कच्चं तोडायचं नाही," हा त्यांचा कायदा होता, आणि त्यात कोणाचे लाड नव्हते.

दिवाळीनंतर जनी आली. हरसूलकडची, आईबाप द्राक्षबागेत मजुरीला. तिने करवंद काढलं. एवढंसं फळ बघून आम्ही फिदीफिदी हसलो, तर बाईंनी तिला ते तळहाताएवढं कापायला लावलं. पोरगी हुशार, पण चार दिवस यायची आणि आठ दिवस गायब. एकदा बाई मला वाट दाखवायला घेऊन बागेत गेल्या. जनीची आई द्राक्षं तोडता तोडता म्हणाली, "हिला धाडली तर धाकल्याला कोण बघंल, बाई? माझा रोज बुडंल." दुसऱ्या दिवशी बाईंनी निरोप धाडला, धाकट्यालाही पाठवा. वर्गाच्या कोपऱ्यात बाईंच्या जुन्या साडीची झोळी लागली. हेडमास्तर कुरकुरले. आम्ही मात्र पाळीपाळीने झोके देत पाढे म्हणायचो.

बाईंना एकच हवं होतं, जनी निकालापर्यंत टिकावी. ती चौथी पास झाली तर पुढे शिकेल, नाहीतर शाळा कायमची सुटेल, असं त्या आम्हालाही सांगायच्या. होळी आली, बागा रिकाम्या झाल्या आणि मजूर आपापल्या गावी निघाले. "जनीला माझ्या घरी ठेवते," असंही बाईंनी तिच्या आईला विनवून पाहिलं. ती म्हणाली, "तुमचे उपकार हायेत, पण पोर मागं ठेवून माझा पाय निघायचा नाय."

निघायच्या दिवशी जनी फलकापाशी उभी राहिली. करवंद निम्मं हिरवंच होतं.

"बाई, माझं फळ नेऊ?"

बाईंनी करवंद दोऱ्यासकट काढलं आणि काळ्या तेलखडूचा तुकडा तिच्या मुठीत दिला. "उरलेलं घरी रंगव," म्हणाल्या, "पण वाचल्याशिवाय नाही." मग आमच्याकडे पाठ करून कितीतरी वेळ टाचण्या सारख्या करत राहिल्या. त्या रिकाम्या जागी त्यांनी कोणाला काही लावू दिलं नाही.

पुढे किती वर्षं गेली. दोन हजारनंतर कधीतरी, बाई निवृत्त होऊन मुलाकडे राहत होत्या, तेव्हा मी भेटायला गेले. त्यांनी मला ओळखावं अशी फार आस होती. नाव सांगितलं, सीताफळही सांगितलं. त्या नुसत्याच हसल्या. आठवलेलं नाही हे कळलं आणि मला लहान मुलीसारखं रडू यायला लागलं. शेवटी म्हटलं, वर्गात झोळी होती ना, त्या वर्षीची मी.

बाई सावरून बसल्या. माझा हात घट्ट धरला.

"म्हणजे जनीच्या वर्गातली तू. कुठे दिसली का गं ती?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी हात सोडला नाही.

"हरसूलच्या बाजारात मी दोनदा जाऊन उभी राहिले. आता गुडघे ऐकत नाहीत. तू कधी गेलीस तिकडे तर बघ. बाकी काही नको, वाचते का, एवढंच विचार."