दुपट्ट्याखालचा भाव

वाहेदभाई वरुडात संत्र्याचे दलाल. त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा थंडीसाठी नव्हता, भाव करायला होता. शेतकऱ्याचा हात त्याखाली घ्यायचा, बोटं दाबायची, मान हलली की सौदा पक्का. माल कितीत गेला ते शेजारच्यालाही कळत नसे. त्या वर्षांत भावच असे पडले होते की चारचौघांत ऐकवत नसत. "माणसाची शरम झाकाले लागते," वाहेदभाई म्हणायचे.

मग तिथल्या एका खासगी फळबाजारात माणसं ओळखणारे कॅमेरे लागले. फाटकही चेहरा पाहून उघडायचं. पहिल्याच दिवशी वाहेदभाईंनी सूर्यभान नावाच्या शेतकऱ्याचा हात दुपट्ट्याखाली घेतला आणि भोंगा वाजला. पडद्यावर दोघांचे फोटो, खाली लाल अक्षरांत 'संशयित'. दुसऱ्या दिवशी फाटक उघडेना. सूर्यभानची संत्री आत, सूर्यभान बाहेर. घरी वाहेदभाईंच्या बायकोनं, आयशाबीनं, वेगळंच मनावर घेतलं. "चारचौघात माहा हात कधी धरला नाही तुमी," ती म्हणाली.

बाजाराचे व्यवस्थापक केशवराव अमरावतीचे, सभ्य गृहस्थ. यंत्र चुकत नाही, लपवण्यासारखं नसेल तर माणूस लपवेल कशाला, असं त्यांनी फाटकाशी येऊन समजावलं. वाहेदभाईंची रोजी बुडत होती, तरी ते भांडले नाहीत. एकदा स्वतः पाहून घ्या म्हणाले. केशवरावांनी हात दुपट्ट्याखाली घातला. त्यांना गुदगुल्या झाल्या, ते हसले, आणि भोंगा वाजला.

सकाळी फाटक केशवरावांनाही उघडेना. त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडूनही यंत्रच बोललं. ओळख पटवण्यासाठी आपला पगार सांगा.

केशवराव पुटपुटले.

ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगा, असं यंत्र म्हणालं. सूर्यभानसारखेच दुपट्ट्यापायी बाहेर अडकलेले सगळे शेतकरी मदतीच्या भावनेनं जवळ सरकले. केशवरावांना घाम फुटला. मला त्यांची खरंच दया आली. एवढा शिकलेला माणूस, आणि उघड्यावर आंघोळीला बसवल्यासारखा उभा.

वाहेदभाईंनी दुपट्टा काढून त्यांच्या हातावर टाकला.

"बोटानं सांगा साहेब. मी नाही सांगत कोणाले."

केशवरावांनी एकवार कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि बोटं दाबली. भोंगा केकाटत राहिला. पगार किती, ते वाहेदभाईंनी आजवर आयशाबीलाही सांगितलेलं नाही.